आत्या, मी घाटाखाली थांबलो होतो

तू सकाळी आठ पस्तीसला गेलीस. मला कसारा घाट चढायची मुभा होती सव्वाअकरापासून. मधले दोन तास चाळीस मिनिटं घेऊन मी चौदा दिवस फिरतो आहे आणि ते कुठे ठेवावेत हे मला कळत नाही.

मुभा देणारा कुणी वरचा साहेब नव्हता, मीच होतो. तुला हे ठाऊक होतं. बाकीच्यांना सांगून सांगून माझी जीभ दमली. भेटायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, मुंबईहून नाशिकला यायला याला दुसरा दिवस कसा उजाडला? बाबा बिचारे सांगत बसायचे, "त्यांच्या नोकरीत नियम असतो तसा." समोरचा मान हलवायचा. सहा वर्षांचं पोर आईवेगळं झालं, आत्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि हा नियम घेऊन बसला, हे त्या मान हलवण्यात मला स्वच्छ दिसायचं.

तू असतीस तर त्यांना अर्ध्या मिनिटात समजावलं असतंस. सोड्याची बाटली हातात घेतली असतीस आणि म्हणाली असतीस, झाकण घट्ट आहे तोवर गॅस पाण्यात गुपचूप बसतो. झाकण एकदम उघडा, मग बघा. नौदलाचा पाणबुड्या खोल पाण्यात दाबाखालची हवा घेतो. त्या हवेतला नायट्रोजन त्याच्या रक्तात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत माणूस उंचावर गेला, तर रक्तात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, कधी जीव जातो. म्हणून पाण्यातून आल्यावर चोवीस तास विमान नाही आणि घाट नाही. पाणबुड्यांचा डॉक्टर म्हणून हा नियम पाळून घेणं हे माझं काम. आणि आपलं नाशिक मुंबईच्या डोक्यावर सहाशे मीटर. लहानपणी भूगोलात मला हा आकडा कुणी विचारला नव्हता. आता झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन.

मी आदल्या दिवशी पाण्यात नव्हतो, चेंबरमध्ये होतो. रक्तात बुडबुडे झालेल्या माणसाला आम्ही एका लोखंडी खोलीत घालून पुन्हा दाबाखाली नेतो आणि सावकाश बाहेर काढतो. त्याच्यासोबत आत एक जण बसावा लागतो आणि त्याच्याही रक्तात तोच गॅस मुरतो. ज्याची पाळी होती त्याला सर्दी झाली होती. सर्दीत कान दबतात, म्हणून त्याला बाहेर ठेवून मी आत गेलो. एवढंच. एका माणसाचं नाक चोंदलं आणि मी तुझ्यापर्यंत पोचलो नाही.

*

तू भूलतज्ज्ञ. पण तुझं हॉस्पिटल असं कुठलंच नव्हतं, तुझी ती पांढरी गाडी होती. डिकीत औषधांची पेटी, मॉनिटर, नळ्या, मागच्या सीटवर तुझी उशी आणि शब्दकोड्यांची वही. सकाळी मालेगावला सिझेरियन, दुपारी नामपूरला हर्निया, आणि घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच पेठहून फोन. सर्जन लोक त्यांच्या त्यांच्या गावात बसलेले आणि तू सगळ्या जिल्ह्याला झोपवत हिंडायचीस. बाबा म्हणायचे, "कुमू, तू बसायला गाडी घेतलीस की राहायला?" तू म्हणायचीस, "दादा, घर तुझं आहे, गाडी माझी आहे."

नामपूरचा तो दिवस आठवतो का तुला? मी भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो, रविवारची सुट्टी होती, आणि तू मला 'जरा खरं शिक्षण घे' म्हणून सोबत नेलंस. कांद्याच्या मार्केटात हमाली करणारा माणूस, हर्नियाचं ऑपरेशन. सर्जन हात धुऊन तयार. तू त्याच्या तोंडाशी वाकलीस, नुसता वास घेतलास आणि सरळ झालीस.

"चहा कधी प्यायला?"

त्याची आई दाराशी उभी होती. "घोटभर चहा पिधा फक्त, बाकी उपाशीच शे वं माय."

"दुधाचा?"

"मंग? दुधानाच ना."

"दुधाचा चहा म्हणजे जेवण," तू सर्जनला म्हणालीस. "सहा तास."

सर्जन चिडला. त्याला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. मॅडम, घोटभर चहानं काय होतंय, आजपर्यंत कुणाला काय झालंय, असं बरंच बोलला. तू ऐकून घेतलंस आणि बाहेर येऊन बाकावर शब्दकोडं काढलंस. मला भूक लागली होती. समोरच्या गाडीवर भजी तळत होते. मी उठलो तर तू म्हणालीस, "बस खाली. तो उपाशी आहे ना आत? मग आपणही." आणि खरंच, सहा तास तू पाण्याचा थेंब घेतला नाहीस. मला वाटलं हा मला धडा शिकवायचा प्रकार आहे. पुढे कळलं की तू हे नेहमीच करतेस. रुग्णाला थांबायला लावलंस की त्याच्याबरोबर तूही उपाशी थांबायचीस. ते कुणाला सांगायची नाहीस आणि कुणी चहा पुढे केला तर 'आज ॲसिडिटी आहे' म्हणायचीस. सगळ्या जिल्ह्याला वाटायचं की मॅडमना फार ॲसिडिटी आहे.

त्या दिवशी परत येताना सटाण्याच्या पुढे आपण एकदाचे जेवलो. मी तुला विचारलं, खरंच काही झालं असतं का गं घोटभर चहानं? तू भाकरी मोडत म्हणालीस, "बहुतेक नसतं झालं." मी म्हणालो, मग? तू म्हणालीस, "बहुतेकवर मी कुणाला झोपवत नाही, पऱ्या."

माझ्या वरिष्ठांनी मला ढीगभर पुस्तकं वाचायला लावली, पण मी डॉक्टर झालो तो या एका वाक्यावर. आणि त्या वाक्याचंच मला आता काय करावं ते समजत नाही.

*

आपलं भांडण मात्र राहून गेलं. ते तसंच अर्ध्यावर सोडून गेलीस म्हणून मला तुझा रागही येतो. येतो म्हणजे येतो.

एम.डी.चा निकाल लागला तेव्हा तू पेढे घेऊन आधीच गावभर सांगून आली होतीस की, आता माझा भाचा येतोय, मालेगाव तो बघेल, मी पेठ-सुरगाणा बघते. मला काही विचारलंही नव्हतंस. आणि मी त्याच आठवड्यात तुझ्यासमोर नौदलाचं पत्र ठेवलं. तू चष्मा लावून ते दोनदा वाचलंस.

"पाण्यात? तू? लहानपणी तलावावर नेलं तर माझा पदर सोडायचा नाहीस."

"शिकलो ना पोहायला. तूच तर बाहेर बसून ओरडायचीस."

"मी ओरडायचे कारण मला पोहता येत नाही. तू तिथे काय करणार ते सांग."

मी सांगत बसलो. तू मला लाफिंग गॅस शिकवलास, दाब शिकवलास, रक्तात गॅस कसा विरघळतो ते कुकरवरचं झाकण दाखवून शिकवलंस. तेच सगळं पाण्याखाली आहे आत्या, फक्त उलट्या बाजूनं. खोल गेलं की साधी हवाही माणसाला गुंगी आणते. माझ्या डोळ्यांत तेव्हा काय होतं कोण जाणे, पण तुझा चेहरा क्षणभर मऊ झाला. तुलाही ते आवडलं होतं, मला दिसलं. मग तू पत्राची घडी घातलीस.

"आणि पेशंट कोण?"

"पाणबुडे."

"म्हणजे पंचवीस वर्षांची धडधाकट पोरं. ज्यांना सर्दीसुद्धा झालेली चालत नाही अशी." तू हळू बोलत होतीस, आणि तू हळू बोललीस की मला घाम फुटायचा. "पेठच्या पलीकडे एका बाईला मूल अडलं तर चार तासांत भूल द्यायला माणूस मिळत नाही. आणि तू सरकारच्या खर्चानं ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्या कानात बॅटरी मारणार."

हे मला झोंबलं. अजून झोंबतं. मी म्हणालो, तू आयुष्यभर फिरलीस म्हणून मीही फिरायचं का? तू म्हणालीस, "फिरू नकोस. बूड." आणि आत निघून गेलीस. बाबांनी त्या दिवशी खिचडी टाकली आणि आपण तिघंही टीव्ही बघत जेवलो.

नंतर तू आलीस. माझा कोर्स संपला तेव्हा मुंबईला आलीस, नवी कोरी साडी नेसून. चेंबरला प्रदक्षिणा घातल्यासारखी फेरी मारलीस, जाड काचेतून आत डोकावलीस आणि आमच्या सरांसमोर, चांगल्या सर्जन कमांडरसमोर विचारलंस, "किती शिट्ट्या करता?" सर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मी लाजेनं अर्धा झालो होतो. पण जाताना तू त्या लोखंडावर हात ठेवलास, कपाळाला ताप बघतात तसा, आणि म्हणालीस, "आत कोण बसतं पेशंटबरोबर?" मी म्हणालो, पाळीपाळीनं आम्हीच. तू 'हं' म्हणालीस. तुझ्या 'हं'चे अर्थ लावण्यात माझं बालपण गेलं आहे, आणि तो 'हं' चांगला होता.

तरी भांडण संपलं नाही. दर रविवारी फोनवर तू विचारायचीस, "काय, कोणी आजारी पडलं का या आठवड्यात?" मी म्हणायचो, नाही. तू म्हणायचीस, "वा! छान चाललंय."

*

आता त्या सकाळचं सांगतो. हे तुला सांगायचंच होतं आणि राहिलं.

त्या चेंबरमध्ये माझ्यासमोर होता तो नौदलाचा जवान नव्हता. कंत्राटी पाणबुड्या होता, बंदरात जहाजांच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणारा. चाळिशीचा, बारीक, दात पडलेले. ठेकेदारानं दिवसभरात कितीतरी वेळा खाली सोडला आणि वर ओढला. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. मी सकाळी सहाला त्याच्याबरोबर आत बसलो. दर थोड्या वेळानं त्याच्या तळपायावर पेनानं रेघ ओढायचो आणि विचारायचो, कळतंय? तो नाही म्हणायचा. नाही, नाही, नाही. आणि मग तिसऱ्या तासाला त्यानं अंगठा आत ओढला आणि शिवी हासडली. गुदगुल्या झाल्या म्हणून! आत्या, मी त्याला मिठी मारली. बाहेर काचेतून आमची माणसं नाचत होती.

सव्वाअकराला दार उघडलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, आता फोन करतो आणि म्हणतो, बोल, हा धडधाकट होता का? याच्या कानात मी नुसती बॅटरी मारली का? वाक्यं जुळवूनच बाहेर आलो. आत फोन नेत नाहीत, आग लागायची भीती असते. कपाट उघडून फोन घेतला तर बाबांचे नऊ फोन येऊन गेलेले.

पेठहून येताना तुझ्या छातीत दुखायला लागलं. गाडी थांबवली नाहीस. तेवढं दुखत असताना नाशिकपर्यंत चालवत आलीस, हॉस्पिटलच्या आवारात गाडी नीट ओळीत लावलीस, वॉचमनला किल्ली दिलीस आणि मग आत जाऊन म्हणालीस, मला अटॅक आलाय. बाबा हे सांगताना रडत होते आणि त्यात थोडा अभिमानही होता. ब्लॉक काढला होता, पण हृदय जेमतेम चालत होतं. तिथला डॉक्टर म्हणाला, नाजूक आहे पण स्थिर आहे. स्थिर हा शब्द मी स्वतः किती नातेवाइकांना दिला आहे. त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. तरीही मी तो घट्ट धरला, कारण मला तो हवा होता.

मी आधी सरांना फोन केला. मला वाटतं मला त्यांनी 'जा' म्हणायला हवं होतं. नाहीतर 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "डायव्हिंग डॉक्टर तू आहेस. दुसऱ्या कुणाला तू काय सांगितलं असतंस?"

मला ते काय विचारत होते हे कळलं. आमच्या पाणबुड्यांपैकी पेटी ऑफिसर जाधव तिथेच उभा होता, वाईकडचा. मागच्या वर्षी त्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, तेव्हा तो नुकताच पाण्यातून बाहेर आला होता. त्यानं माझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. मी सांगितलं, चोवीस तास, जाधव. वाईला जायचं तर दोन घाट आहेत. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण बायको अजून त्याला म्हणते, तुम्ही नव्हता. तोच जाधव माझ्या गाडीची किल्ली हातात घेऊन म्हणाला, "साहेब, चला. मी चालवतो. तुमी मागं ऑक्सिजन लावून पडा. म्या कुणाला बोलनार न्हाय." त्यानं मला टोमणा मारला असता, 'मला सोडलं होतं का तुम्ही' असं म्हणाला असता, तर मी भांडलो असतो आणि निघालो असतो. त्यानं किल्ली पुढे केली. त्याच्यासमोर मला हो म्हणता आलं नाही.

मग तुझा फोन लागला. नर्सनं तुझ्या कानाशी धरला. मास्कमधून तुझा आवाज लांबून येत होता.

"कुठे आहेस?"

मी सांगितलं. चेंबर म्हटल्यावर तू लगेच विचारलंस, "किती वाजता बाहेर आलास?"

"सव्वाअकरा."

"मग उद्या सव्वाअकरा," तू म्हणालीस. मी न सांगता, तूच हिशेब केलास. मला इतकं हलकं वाटलं! मला वाटलं, सुटलो, आत्यानंच सांगितलं. आणि मग नर्स फोन काढून घेणार तेवढ्यात तू म्हणालीस, "लवकर ये रे."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो, सव्वाअकराला लगेच निघतो."

त्या माणसाच्या अंगठ्याबद्दल मी काहीच बोललो नाही. मला वाटलं समोर बसून सांगीन. तू सांगितलेली वेळ माझ्या रक्तासाठी होती आणि 'लवकर ये' हे तुझ्यासाठी होतं, की दोन्ही उलटं होतं, हे मी चौदा दिवस चघळतोय. भूलतज्ज्ञ म्हणाली थांब आणि आत्या म्हणाली ये. दोघींपैकी कुणाचं ऐकायचं हे मी चटकन ठरवून टाकलं, कारण एकीचं ऐकणं सोपं होतं.

*

दुपारी मी गाडी काढून शहापूरला आलो. म्हणजे तेवढंच जवळ. तिथून पुढे खर्डीपासून चढ लागतो, तिथवर मला चालत होतं. हायवेवरच्या लॉजमध्ये खोली घेतली. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बाबांचे दर तासाला फोन येत होते आणि तू स्थिर होतीस. सकाळी मी खाली उतरून पोहे खाल्ले. दोन प्लेट खाल्ले, आत्या. तू असतीस तर बाकावर बसून राहिली असतीस, मी मात्र खाल्ले आणि वर चहाही घेतला, दुधाचा. हे मी मुद्दाम लिहितोय. नाहीतर माझ्याच आठवणीत मी हळूहळू चांगला होत जाईन.

आठ चाळीसला बाबांचा फोन आला. "कुमू गेली रे," एवढंच. मग म्हणाले, "आठ पस्तीसला."

*

तुझे फोन मात्र थांबले नाहीत. तुझा मोबाइल बाबांनी चार्जिंगला लावून ठेवला होता, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मालेगावहून, तिसऱ्या दिवशी सटाण्याहून. कुणाकुणाला कळलं नव्हतं. पाचव्या दिवशी पेठहून आला तो मी घेतला. पलीकडे एक सिस्टर होती.

"मॅडम निघाल्या का? बाई टेबलावर हाय."

मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "मग आता कोणाला बोलवू?"

माझ्याकडे भूलशास्त्राची पदवी आहे. तुझी गाडी खाली उभी होती, पेटी डिकीत होती. आणि मला दहा दिवसांचं सुतक होतं. ते नसतं तरी मी गेलो असतो का? तिला मी नाशिकमधली दोन नावं आणि नंबर दिले. पुढे त्या बाईचं काय झालं ते मी विचारलं नाही. तुझं बरोबर होतं असं मी इथे लिहिणार नाही; जिवंत असताना नाही म्हणालो तर आता फोटोसमोर म्हणणं बरं दिसत नाही. पण सिस्टरच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं हे खरं आहे, आणि हे तू ऐकायला हवं होतंस. केवढी खूश झाली असतीस.

दहाव्याला रामकुंडावर मीच सगळं केलं. तुझ्या मागे आणखी कोण होतं? गुरुजी म्हणाले, एक बुडी मारा. मी मारली. माझ्यासारखा माणूस, बुडी मारून लगेच वर आलो, श्वास पुरला नाही. वर आल्यावर बाबांनी माझे कान टॉवेलनं पुसले, तू पुसायचीस तसे. तिथे मी पहिल्यांदा रडलो. लोक बघत होते, बघू देत.

*

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

परवा सरांचा फोन आला होता. म्हणाले, नवीन बॅचला मी तुझं उदाहरण देतो. घरचं माणूस गेलं तरी आमच्या डॉक्टरनं चोवीस तास मोडले नाहीत. जाधवनंही युनिटमध्ये सगळ्यांना सांगितलं आहे. पोरं आता मला बघून जरा जास्तच ताठ उभी राहतात म्हणे. सोमवारी मी रुजू होतो आहे, आणि पहिलाच तास या नियमावर आहे. दर वर्षी एखादा तरी विचारतो, सर, आणि घरी कुणी सीरियस असलं तर? मी आजवर सांगत आलो, तरीही चोवीस तास.

मी ते मोडले. बाबांनी फोन ठेवला आणि मी गाडीत बसलो. घड्याळ बघितलं. आठ बेचाळीस. आता घाई करण्यासारखं काहीही राहिलेलं नव्हतं. सव्वाअकरापर्यंत तिथेच बसलो असतो तरी तुझं काही बिघडणार नव्हतं. आणि मी किल्ली फिरवली आणि निघालो. तुझ्यासाठी नाही मोडता आला तो नियम तू गेल्यावर सात मिनिटांत मोडला. का मोडला ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं मला शिक्षा हवी होती.

घाट चढताना मी प्रत्येक वळणावर खांदा हलवून बघत होतो. पहिल्यांदा खांदा दुखतो, मग कोपर, मीच शिकवतो. कान फटकन मोकळे झाले, तेवढंच. इगतपुरी गेलं. मी गुडघा दाबून बघितला. बोटांना मुंग्या येतात का बघितलं. घोटीच्या टोलनाक्यावर मी मनात म्हणत होतो, ये ना, आता तरी ये. थोडं तरी दुखू दे. म्हणजे कळेल की मी उगाच नाही थांबलो, थांबण्यात अर्थ होता, आदल्या दिवशी निघालो असतो तर रस्त्यातच कोसळलो असतो आणि मग तुझ्यापाशी कोण पोचणार होतं.

साडेदहाला मी तुझ्याजवळ उभा होतो. तुझा हात अजून पुरता गार झाला नव्हता. मी उजव्या खांद्याला सारखा हात लावतोय हे बघून बाबांनी विचारलं, "दुखतोय का रे?"

दिवसभर मी वाट बघितली. तुला नेलं तेव्हा, परत आल्यावर, अंघोळ करताना. दुसऱ्या दिवशीही बघितली.

काहीही दुखलं नाही, आत्या. मी येऊ शकलो असतो.